आधी पिंपाला विचारा, तुझ्यात काय होतं

(ताडाच्या नीरेचं काम पाहण्यासाठी पालघर जिल्ह्यात आलेल्या कापूस-ज्वारी पट्ट्यातील कार्यकर्त्यांसमोर सातिवली, ता. वसई इथं झालेलं भाषण. बोललं गेलं तसंच, थोडं आवरून, जिल्हा बैठकांसाठी छापत आहोत.)



आत येताना बाहेर उभा असलेला टेम्पो पाहिला. त्यात आठ निळी पिंपं दोरखंडानं बांधून ठेवली आहेत. चौकशी केली तेव्हा कळलं, ती तुमचीच. सकाळी इथल्याच गल्लीतून घेतली, नव्याच्या निम्म्याहून कमी दरात. उद्या ती अहमदपूर-गंगाखेडच्या वाटेला लागणार. चार पिण्याच्या पाण्याला, दोन आंबिलीला आणि दोन शिंदीच्या नीरेला. मी आज बोलायला वेगळंच काही ठरवून आलो होतो. ते राहू द्या. त्या आठ पिंपांवरच बोलतो.

मी तुमच्याच भागातला, लातूर जिल्ह्यातला. घरी नऊ एकर कोरडवाहू. थोरले भाऊ ती कसतात आणि मी महिन्याला त्यांना पैसे पाठवतो. ज्वारी परवडते की नाही हे मला त्या पैशांवरून कळतं. गेली एकोणीस वर्षं इथं सातिवलीत एका गाळ्यात कामाला आहे. दूध डेअरीचे कॅन, नळ्या आणि टाक्या धुण्याच्या पावडरी आम्ही तयार करतो. भांडं कशानं धुवायचं आणि कशानं धुवायचं नाही, एवढी एकच विद्या मला येते. ती आज तुमच्यापुढं ठेवतो.

'भांडी धुणं' हा विषय निघाला की आपली पुरुष मंडळी तंबाखू मळायला बाहेर जातात. आज कुणी उठू नका. धुणं बायका करतात, पण पिंपं विकत घेणारे तुम्हीच होता.

एक खुलासा आधी करतो, म्हणजे मागाहून कुणी वर्तमानपत्रात काही छापायला नको. मी दारू गाळायला शिकवायला आलेलो नाही. घरी दारू गाळणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. नीरेसाठी झाड छेदायचं असेल तरी राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. आपल्याच बांधावरच्या शिंदीला हात लावायला परवाना का लागावा, यावर आपलं मत सगळ्यांना ठाऊक आहे. पण आज तो लागतो आणि तो काढूनच काम करायचं. आंबिलीला असा परवाना लागत नाही. मात्र बाटलीत भरून विकायची म्हटली की अन्न सुरक्षा कायद्याची नोंदणी आली. मी बोलतोय ते या सगळ्यांना सारखंच लागू आहे. जे आंबतं किंवा आंबू शकतं, ते ज्या भांड्यात राहतं त्या भांड्याबद्दल.

नव्वदच्या दशकात शरद जोशींनी माजघर शेतीची कल्पना मांडली. शेतातला माल कच्चा बाजारात नेऊन टाकू नका, घरी त्याच्यावर काही प्रक्रिया करा आणि मग विका. इथं बसलेल्या बहिणींनी आता ज्वारीऐवजी आंबील विकायचं ठरवलं आहे, ते त्याच वाटेवरचं पाऊल आहे. पण ज्वारीचं पोतं आणि आंबिलीची बाटली यांत एक फरक आहे. पोत्यात किडे निघाले तर व्यापारी दर पाडतो. बाटलीनं एका पोराला हगवण लागली तर दर पडत नाही, धंदाच बंद होतो. शेजारच्या गावातल्या गटाचाही होतो.

आता मुळाशी जाऊ. काल तुम्ही ताडावर बांधलेली मडकी पाहिली. नीरा झाडातून गळते तेव्हा तिच्यात शंभरात दहा-बारा भाग साखर असते आणि ती आंबट नसते. पहाटे उतरवली तर गोड. ऊन चढलं की तिला फेस येतो, दुपारी ती ताडी होते आणि तशीच ठेवली तर पुढं शिरका होतो. हे करतं कोण? हवेतले, झाडाच्या सालीवरचे आणि सगळ्यात जास्त म्हणजे कालच्या मडक्यात राहून गेलेले जंतू. घरच्या बायकांना हे सांगायला नको. दही लावताना तुम्ही काय करता? भांड्याला आतून थोडं विरजण फिरवता. न धुतलेलं मडकं म्हणजे आतून विरजण लावलेलं मडकं. फरक एवढाच की ते विरजण तुम्ही निवडलेलं नसतं.

म्हणून नीरा काढणारा मडक्याला आतून चुना लावतो. पुष्कळांना वाटतं, चव येण्यासाठी लावतो. तसं नाही. चुन्यानं नीरा अल्कधर्मी राहते आणि फेस आणणाऱ्या जंतूंना ते मानवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं हे करत आली. मात्र चुना तोच, जो आपण पानाला लावतो. भिंतीला द्यायचा, नीळ नि डिंक घातलेला चुना मडक्यात चालत नाही. आणि चुना लावला म्हणजे धुवायला नको, असंही नाही. कालच्या बुरशीवर चुना फासला तर खाली बुरशी तशीच राहते.

आंबिलीचं उलटं आहे. ती आंबायलाच हवी. पण आपल्या ताकानं, आपल्या हिशोबानं.

धुणं हे दोन वेगळ्या कामांचं नाव आहे आणि आपण ती एकच समजतो, इथं बहुतेकांची चूक होते. पहिलं काम मळ काढणं. दुसरं काम जंतू मारणं. पहिलं झाल्याशिवाय दुसरं होत नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई आडात टीसीएल टाकतो ते तुम्ही पाहिलंय. तीच ब्लीचिंग पावडर बुळबुळीत कॅनमध्ये टाकली तर तिची सगळी ताकद त्या बुळबुळीतच खर्च होते. जंतूपर्यंत काही पोचत नाही. वर तुमचं समाधान होतं की औषध टाकलं. रान न निंदता खत टाकावं आणि ते गवतानं खावं, तसलाच हा प्रकार.

मळ काढायला काय वापरावं? आपल्या आया राख वापरत. राखेत क्षार असतो, तो तेलकटपणा तोडतो. चांगली गोष्ट होती. पण आजची चूल पाहा. पऱ्हाटीबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या, खताची पोती, रंगवलेली लाकडं, सगळं तिच्यात जातं. पऱ्हाटीवर शेवटपर्यंत फवारे झालेले असतात, हेही विसरू नका. ती राख खायच्या भांड्याला नको.

तिच्या जागी धुण्याचा सोडा घ्या. किराणा दुकानात मिळतो, स्वस्त असतो. नावात घोळ करू नका. खाण्याचा सोडा वेगळा, तो सौम्य. भजी हलकी करायला ठीक, मळ काढायला कमी पडतो. कॉस्टिक सोडा वेगळा, तो या दोघांचा राक्षस भाऊ. डेअरीत तो वापरतात, पण बंद नळ्यांतून, यंत्रानं, आणि माणसाच्या डोळ्यांवर चष्मा असतो. घरात कॉस्टिक आणूच नका. डोळ्यात उडाला तर डोळा जातो. ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये टाकला तर कॅन तापतो, पेट घेणारा वायू निघतो, आणि झाकण लावलेलं असेल तर ते उडतं.

धुण्याचा सोडा पाच लिटर गरम पाण्यात ५० ते १०० ग्रॅम. हात भाजणार नाही इतपत गरम. अर्धा तास भिजू द्या, मग काथ्यानं किंवा ब्रशनं घासा. तारेची घासणी स्टीलला आणि प्लास्टिकला नको, तिनं ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत पुढचं विरजण बसतं. स्टील, काच आणि जाड प्लास्टिक यांना सोडा चालतो. ॲल्युमिनियमला चालत नाही, ते काळं पडतं आणि झिजतं. हाताला रबरी मोजे घाला. बाजारात आता परकार्बोनेट नावाची पावडर मिळते. ती म्हणजे हाच सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइडला बांधलेला. पाण्यात पडली की सोडा, पाणी आणि प्राणवायू एवढंच उरतं. परदेशात घरी बिअर करणारे हौशी लोक तिच्यावरच विसंबतात. अमेरिकेत घरगुती बिअरला मोकळीक देणारा कायदा १९७८ साली झाला. तेव्हापासून तिथं घरोघरी हे चालतं. तिथल्या कुणा जाणत्याला कृती विचारा, तो आधी धुण्यावर बोलतो, धान्यावर नंतर. परकार्बोनेट मिळाली तर घ्या. नाही मिळाली तर सोडा आहे.

कपड्याची पावडर मात्र नको. तिच्यात अत्तर असतं, रंग असतो, कपडा उजळ दिसावा म्हणून घातलेली द्रव्यं असतात. प्लास्टिक तो वास धरून ठेवतं. मातीचं मडकं तर ती पावडर पिऊनच टाकतं आणि मग आठ दिवस आंबिलीत सोडत राहतं. मातीच्या मडक्याला साबण, सोडा काहीच लावू नका. उकळतं पाणी, काथ्या, कडक ऊन, आणि शेवटी मंद आचेवर फिरवून घेणं. एवढं करूनही वास राहिला तर ते मडकं झाडाला पाणी घालायला ठेवा. मडकं स्वस्त आहे.

आता पाणी. मला माहीत आहे, तुमच्यातल्या निम्म्या गावांत उन्हाळ्यात टँकर येतो. 'भरपूर पाण्यानं खंगाळा' हे छापील वाक्य टँकरच्या गावात सांगायला लाज वाटते. म्हणून थोडं गणित करू. कॅन उपडा केला तरी आत १०० मिलिलिटर सोड्याचं पाणी चिकटून राहिलं, असं धरा. तुमच्याकडं खंगाळायला तीन लिटर पाणी आहे. सगळं एकदम ओतलं, हलवलं आणि फेकलं तर सोडा ३१ पट पातळ झाला. तेच पाणी एकेक लिटर करून तीनदा घेतलं तर? पहिल्यांदा ११ पट. दुसऱ्यांदा पुन्हा ११ पट, म्हणजे १२१. तिसऱ्यांदा १३३१ पट. पाणी तेवढंच, काम चाळीस पटींहून जास्त. शिवाय शेवटच्या खंगाळणीचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. ते पुढच्या कॅनच्या पहिल्या खंगाळणीला वापरा.

सोडा पुरता गेला की नाही हे कसं ओळखायचं? कागदाला ओली हळद फासून वाळवून ठेवा. शेवटच्या पाण्याचा एक थेंब त्यावर टाका. लाल झाला तर सोडा शिल्लक आहे, पिवळाच राहिला तर गेला. लग्नात हळद-चुन्याचं कुंकवासारखं पाणी करतात ना, तीच विद्या.

आपल्या बोअरचं पाणी जड. सोड्यानं भांड्याला पांढरा थर धरतो, चुन्याच्या मडक्यालाही धरतो. तो सोड्यानं जायचा नाही, त्याला आंबट लागतं. लिंबूसत्व किंवा चिंचेचं पाणी लावा, थोडा वेळ ठेवा, धुऊन टाका. संडास साफ करायचं ॲसिड त्याला वापरू नका. का, ते पुढं सांगतो.

मळ गेला, आता जंतू. सगळ्यात चांगला उपाय उकळतं पाणी. त्याचा काही अंश मागं राहत नाही, त्याला लेबल लागत नाही. स्टीलचं भांडं, झाकण, गाळणी, चमचे दहा मिनिटं उकळा आणि स्वच्छ जागी उपडे ठेवा. फडक्यानं पुसू नका. फडकं हेच घरातलं सगळ्यात मोठं विरजण. जून २०२० मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगानं इथून वर डहाणूत २०० कारागिरांना सात दिवसांचं शिक्षण देऊन नीरा आणि ताडगुळाच्या अवजारांचे संच दिले. त्यात कढई कसली दिली? अन्नाला चालणाऱ्या दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची. उगाच नाही दिली.

जे उकळता येत नाही, म्हणजे प्लास्टिकचा कॅन, रबरी नळी, त्याला टीसीएल. ताज्या पावडरीत शंभरात तेहतीस-एक भाग क्लोरीन असतो. १० लिटर थंड पाण्यात ५ ग्रॅम. एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घ्या आणि तेवढ्यात किती चमचे बसतात ते लक्षात ठेवा. गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी घ्या, दहा मिनिटं भांड्यात ठेवा, ओता, उकळून गार केलेल्या पाण्यानं खंगाळा. जास्त टाकली म्हणजे जास्त चांगलं, हा फवारणीतला आपला जुना रोग इथं नको. जास्त टाकली की आंबिलीला दवाखान्याचा वास येतो. स्टीलमध्ये रात्रभर ठेवली तर स्टीलला बारीक खड्डे पडतात. उघडी राहिलेली, ओलसर झालेली पावडर मेलेली असते. तिच्यात वास असतो, ताकद नसते.

आणि टीसीएल कशातही मिसळायची नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. इथं नोकरीला लागून तीन महिने झाले होते. एक टाकी धुवायची होती. टीसीएलचं पाणी आत होतंच. मला वाटलं, सोबत थोडं संडासाचं ॲसिडही टाकू, एका दगडात दोन पक्षी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं; अक्कल माझीच. हिरवट-पिवळा धूर वर आला आणि मला श्वासच घेता येईना. दोघांनी ओढून बाहेर काढलं. दोन रात्री दवाखान्यात बसून काढल्या, आडवं होताच येत नव्हतं. तो क्लोरीन वायू. १९१५ साली पहिल्या महायुद्धात तोच खंदकांतल्या सैनिकांवर सोडला होता. त्याला ॲसिडच लागतं असं नाही, शिरका टीसीएलमध्ये पडला तरी निघतो. आंबून शिरका झालेली नीरा ज्या कॅनमध्ये आहे, तो न धुता त्यात टीसीएल ओतलीत तर तुम्ही तेच करताय. आधी मळ, मग जंतू, हे मी म्हणालो त्याचं हे दुसरं कारण.

भांडं कसलं असावं यावर थोडं. आमच्याकडं येळवसेला, म्हणजे येळ अमावस्येला, सगळं गाव शेतात जेवायला जातं हे तुम्हाला सांगायला नको. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. त्या वर्षी कल्हईवाला गावात फिरकलाच नव्हता. आईनं आंबील नेहमीच्या बिंदग्यात न भरता मोठ्या पितळी घागरीत भरली, कारण पाहुणे जास्त होते. घागर चिंचेनं घासून लखलखीत केली होती. आतली कल्हई केव्हाच उडालेली. रात्रभर आंबट आंबील त्या पितळेत राहिली. दुपारी कडब्याच्या खोपीत पूजा झाली, आम्ही पोटभर प्यालो आणि तासाभरात धुऱ्यावर ओळीनं ओकत बसलो. पाहुणे, गडी, पोरं, सगळे. गावात बोभाटा झाला की करणी केली. करणी कसली? आंबील कळकली होती. आंबटानं पितळेतलं तांबं विरघळलं. आईला ते शेवटपर्यंत लागून राहिलं. घागर किती स्वच्छ घासली होती, हेच ती सांगत राहायची. आणि ते खरंच होतं. घागर स्वच्छच होती.

म्हणून आंबटाला पितळ-तांबं नको, कल्हई ताजी असल्याशिवाय. जस्ताचा मुलामा दिलेली बादली नको, आंबट ते जस्तही विरघळवतं. ॲल्युमिनियम नको. आणि लोखंडी पिंप? दक्षिण आफ्रिकेत आपल्यासारखीच ज्वारी पिकते आणि तिची घरगुती बिअर करतात. पूर्वी ती मातीच्या मडक्यात होई. नंतर स्वस्त मिळाली म्हणून लोखंडी पिंपं आली. आंबट बिअरनं लोखंड खाल्लं, ते वर्षानुवर्षं माणसांच्या पोटात गेलं आणि यकृतात साचलं. डॉक्टरांनी या रोगाची नोंद १९२९ पासून केलेली आहे. तिथंही कुणी घाण भांडं वापरत नव्हतं. ज्वारी तीच, कृती तीच, पिंप बदललं.

आता टेम्पोकडं येतो.

सातिवली, वालीव, गोखिवरे या पट्ट्यात गाळ्याला गाळा लागून आहे. रंग, रसायनं, प्लास्टिक, औषधं, किती तरी प्रकारचा माल पिंपातून येतो. माल संपतो, पिंप उरतं. भंगारवाला ते उचलतो, पाण्यानं विसळतो, लेबल खरवडतो, उन्हात उपडं ठेवतो. तो फसवत नाही. तो पिंप विकतो. त्यात तुम्ही डिझेल ठेवणार की आंबील, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. निळं प्लास्टिक दिसायला घट्ट असलं तरी तेलकट रसायनं त्याच्या अंगात मुरतात. वरून सोडा लावा, टीसीएल लावा, पृष्ठभाग धुतला जाईल. अंगात मुरलेलं हळूहळू बाहेर येत राहील, आणि आंबट वा गरम माल भरलात तर आणखी लवकर.

बुडाशी त्रिकोणात २ आकडा आहे, असं मघाशी एका भावानं मला दाखवलं. बरोबर आहे. तो आकडा प्लास्टिक कोणत्या जातीचं ते सांगतो. पेला आणि काट्याचं चित्र असेल तर ते नवं असताना अन्नाला चालणारं होतं, एवढं कळतं. मधल्या काळात त्यात काय भरलं होतं, हे दोन्हींपैकी एकही सांगत नाही. वास घेऊन पाहू म्हणाल, तर तेही करू नका. ज्याला वास आहे ते नाकाला घातक असू शकतं आणि ज्याला वास नाही त्याचं तर काहीच कळत नाही.

बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी जुलै २०१३ मध्ये शाळेतलं दुपारचं जेवण जेवून २३ मुलं गेली. जेवणात मोनोक्रोटोफॉस सापडलं. तुम्हाला त्या नावाची ओळख करून द्यायला नको, कापसावर ते किती मारलंय आपण. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलेलं असावं, असं तपासात पुढं आलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर मेले, तेव्हा आपण सगळे रस्त्यावर होतो. ते विष अंगावर उडालेलं होतं. त्याच विषाचा डबा धुऊन, हात लावून, आपण पाण्याला वापरतो, आणि त्यावर कधी कुणी सभा घेतलेली मला आठवत नाही. माझ्याच गावात रानातल्या मजुरांचं पाणी कशात नेतात ते मी सांगत नाही. तुमच्या गावात कशात नेतात ते तुम्ही आठवा.

कुणी म्हणेल, डबा तीनदा विसळायला कंपनीच सांगते. सांगते. पण ते विसळणं डबा फेकण्यासाठी आहे, वापरण्यासाठी नाही. विसळलेलं पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं आणि डब्याला भोकं पाडायची. कीटकनाशक नियमावली १९७१ ची आहे. तीत लिहिलेलं आहे की रिकामी वेष्टनं पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून ती मोडून वस्तीपासून दूर पुरावीत.

आणखी एक गैरसमज. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं मेली. तेव्हा आमच्या गाळ्यातलेच लोक म्हणत होते, भांडी घाण असतील. नाही. ते मिथेनॉल होतं, कारखान्याचं. नीरा कितीही सडली तरी तिच्यातून माणूस मारण्याइतकं मिथेनॉल होत नाही. ते पिंपातून येतं. ते पाण्यासारखं दिसतं आणि दारूत मिसळलं की कुठल्याही धुण्यानं, उकळण्यानं वेगळं होत नाही.

तर त्या आठ पिंपांचं काय करायचं? ज्यांचा पूर्वीचा माल कागदावर दाखवता येतो, म्हणजे आंब्याचा रस, ग्लुकोज, खाद्यतेल अशा मालाचं मूळ लेबल शाबूत आहे, ती ठेवू. सोड्यानं धुऊ, टीसीएल लावू, आणि तरीही ती पाण्याला वापरू, आंबिलीला नाही. ज्यांचं लेबल खरवडलेलं आहे ती खाण्यापिण्याला एकही नाही. गुरांनाही नाही, गुराला बोलता येत नाही म्हणून त्याचं पोट पोलादाचं होत नाही. ती परत द्यायची. भंगारवाला ओळखीचा आहे, मी सोबत येतो. पैसे थोडे कापून घेईल. आंबिलीला आणि नीरेला स्टीलचे दुधाचे कॅन घ्या. आठ पिंपांच्या पैशात दोनच येतील, हे मला माहीत आहे. दोनच घ्या. पहिल्या वर्षी दोन कॅनएवढीच आंबील करा.

मी आत येताना पाहिलं तेव्हा तीन पिंपांवर लेबलाचा तुकडा दिसत होता. पाच कोरी होती. टेम्पोवाल्याला साडेपाचपर्यंत थांबवलं आहे. चहा आलाय, तो घ्या, मग कुणी दोघं-तिघं माझ्याबरोबर चला. उजेड आहे तोवर लेबलं वाचून घेऊ.